४०५ फुटांचं घर, गॅलरी नसलेलं : गिरगावातल्या पुनर्विकासाचा अनुभव

फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्या घराची किल्ली मिळाली. दोन उन्हाळे, दोन पावसाळे आणि दोन गणपती या घरात काढले, मग लिहायला बसले. किल्ली मिळाली त्या आठवड्यात लिहिलं असतं तर नुसता आनंद उतरला असता. पहिल्या पावसात आतल्या खोलीच्या भिंतीला ओल आली तेव्हा लिहिलं असतं तर नुसता संताप. ज्यांच्या चाळीचं प्रकरण आता सह्यांपर्यंत आलंय त्यांच्या हाती काहीतरी उपयोगाचं पडावं, म्हणून हे लिहिते आहे. बिल्डरचं नाव देत नाही, वाडीचंही नाही. आमच्यातली काही बिऱ्हाडं अजून कोर्टात आहेत, माझ्या लिहिण्याने त्यांच्या कामात अडथळा नको.

पाचपैकी गुण द्यायचे तर घराला चार, इमारतीला अडीच, आणि मधल्या सात वर्षांना शून्य.

आमची चाळ तळमजला आणि वर तीन मजले, ६४ बिऱ्हाडांची. बांधली १९१२च्या सुमाराला. सागवानी खांब, सागवानी जिना, मधे चौक, चौकात विहीर, आणि प्रत्येक मजल्यावर चारही अंगांनी फिरणारी गॅलरी. खोली दहा बाय अठरा. मधे लाकडी पार्टिशन, मागे स्वयंपाकघर, कोपऱ्यात मोरी, वर पोटमाळा. १९८९ साली लग्न होऊन मी आले तेव्हा त्या १८० फुटांत आम्ही सात माणसं होतो. संडास मजल्याच्या टोकाला, सोळा बिऱ्हाडांत चार. पाणी पहाटे साडेचारला यायचं, सहाला जायचं. मी एकतीस वर्षं फोर्टमधल्या एका सॉलिसिटरच्या ऑफिसात टायपिस्ट होते. या एकतीस वर्षांत पहाटे साडेचारला उठले नाही असे दिवस बोटांवर मोजता येतील.

हे आधी सांगते, कारण चाळ पाडल्याचं ऐकून हळहळणारे पुष्कळ भेटतात. त्यांची हळहळ खरी असते, पण त्यांना रात्री दोन वाजता म्हाताऱ्या सासूला हाताला धरून ओल्या गॅलरीतून चौतीस पावलं न्यावं लागत नव्हतं.

चाळी अशा खिळखिळ्या का झाल्या, हे मला ऑफिसात कागद टाइप करता करता समजलं. १९४७च्या भाडे कायद्याने मुंबईतली जुनी भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीवर बांधून टाकली. त्या काळी ते गरजेचं होतं, नाहीतर आमच्यासारख्यांच्या आजे-सासऱ्यांना घरमालकांनी केव्हाच बाहेर काढलं असतं. पण ती भाडी पुढे पन्नास वर्षं जवळपास तिथेच राहिली. आमचं भाडं महिना ३८ रुपये. ६४ बिऱ्हाडांचे मिळून अडीच हजारही होत नव्हते. एवढ्यात घरमालक सागवानी खांब बदलणार होता का? भाडेकरूही खर्च करणार नाही, कारण इमारत त्याची नाही. इमारती कोसळून माणसं मरायला लागली तेव्हा १९६९ मध्ये सरकारने कायदा केला, उपकर (जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठीचा जादा कर) बसवला, दुरुस्ती मंडळ आणलं. तेव्हा अशा उपकरप्राप्त इमारती १९,६४२ होत्या. मंडळ यायचं, प्लॅस्टर करायचं आणि टेकू लावून जायचं. आमच्या मजल्यावरचे टेकू १९९८ साली लागले ते चाळ रिकामी होईपर्यंत तसेच होते. त्यांना आम्ही दोऱ्या बांधून कपडे वाळत घालायचो. माझा मुलगा त्या टेकूंना धरून चालायला शिकला म्हटलं तरी चालेल.

तेव्हा चाळ पाडायला हवी होती, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती आणि आजही नाही. भांडण झालं ते पुढे काय बांधायचं आणि कोणत्या कागदावर, यावरून.

अशा उपकरप्राप्त इमारतींचा पुनर्विकास विकास नियमावलीतल्या ३३(७) या नियमाखाली होतो. आमच्या वेळी त्या योजनेला ७० टक्के भाडेकरूंची संमती लागायची. आता ५१ टक्के पुरते. ६४ पैकी ४५ सह्या हव्या होत्या. २०१५च्या दिवाळीपर्यंत ४४ झाल्या. आमची नव्हती. आम्ही विरोधात होतो म्हणून नव्हे. करारनामा ९२ पानांचा होता आणि मला तो पूर्ण वाचायचा होता. बाकीच्यांना सह्या करताना शेवटची तीन पानं दाखवली होती. मी ऑफिस सुटल्यावर रोज चार-पाच पानं वाचायची आणि एका वहीत टिपणं काढायची. तीन आठवडे लागले.

ते तीन आठवडे मी विसरले नाही. गॅलरीत माझ्याशी कोणी बोलेना. नळावर माझा नंबर आला की बाजूची बादली मुकाट्याने सरकायची, पण मान वर होत नव्हती. ‘यांनी वेगळे पैसे मागितलेत’ हे जिन्यात माझ्या कानावर पडेल अशा आवाजात बोललं गेलं. आमच्या शेजारच्या वहिनी, ज्यांच्या दोन्ही बाळंतपणांत मी पेज करून नेली होती, त्यांनी त्या दिवाळीला फराळाचं ताट पाठवलं नाही. आता कळतं, त्यांचा मुलगा लग्नाला आला होता आणि चाळीतल्या खोलीत मुलगी द्यायला कोणी तयार नव्हतं. त्यांचा राग माझ्यावर नव्हता, उशिरावर होता. पण तेव्हा ते फार लागलं.

मी अकरा दुरुस्त्या टाइप करून कमिटीला दिल्या. बिल्डरच्या वकिलाबरोबर दोन बैठका झाल्या. सहा मान्य झाल्या, पाच झाल्या नाहीत. मग आम्ही सही केली, पंचेचाळिसावी. आज या इमारतीत जे नीट चालतंय ते बहुतेक त्या सहांमधलं आहे. ज्याचा रोज त्रास होतो ते त्या पाचांमधलं. म्हणूनच हा अनुभव लिहावासा वाटला.

फेटाळलेल्यांत पहिली मागणी बँक गॅरंटीची होती. ‘भाड्याचे चेक देतोय ना आगाऊ, मग गॅरंटी कशाला?’ असं उत्तर मिळालं, आणि आमच्याच कमिटीने मान डोलावली. डिसेंबर २०१६ मध्ये खोल्या रिकाम्या केल्या. तात्पुरत्या घरासाठी बिल्डरकडून महिना २२ हजार भाडं, दरवर्षी दहा टक्के वाढ. वाढीचं कलम माझ्या यादीतलं, ते मान्य झालं होतं. छत्तीस महिन्यांत घर देऊ म्हणाले होते. २२ हजारांत गिरगावात काही मिळत नाही, म्हणून आम्ही डोंबिवलीला गेलो. चौथ्या वर्षी चेक परत यायला लागले. चौदा महिने भाडं आलं नाही. यांची प्रेसमधली नोकरी केव्हाच संपली होती, माझी पेन्शन नाही. मुलाच्या पगारातून घरभाडं गेलं आणि त्याचं लग्न दोन वर्षं पुढे गेलं. कोणाकडे दाद मागायची, तर कागदावर आमच्या हातात काही नव्हतं. बँक गॅरंटी असती तर बँकेत जाऊन पैसे घेता आले असते. तुमच्या करारात बाकी काही नसलं तरी चालेल, हे असू द्या.

छत्तीस महिन्यांची सात वर्षं दोन महिने झाले. ६४ बिऱ्हाडांपैकी ४१ परत आली. बाकीच्यांनी मधल्या काळात हक्क विकले. कोणाला औषधपाण्याला पैसे हवे होते, कोणाची मुलं विरार-बदलापुरात रुळली, काहींना आता घर मिळेल असं वाटेनासं झालं. गिरगावातला मराठी माणूस कमी झाला असं म्हणतात, तो असा एकेक करून कमी झाला. कोणी हाकलून दिलं नाही, वाट बघता बघता माणसं थकली.

आता घराविषयी.

नवव्या मजल्यावर आहे. दिवाणखाना, स्वयंपाकघर, एक बेडरूम, संडास-बाथरूम वेगवेगळं. कागदावर ४०५ चौरस फूट कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतलं वापरायचं क्षेत्र. त्याचा हिशेब असा : किमान ३०० फूट, त्यावर ३५ टक्के फंजिबल, म्हणजे नियमाने मिळणारं जादा क्षेत्र. प्रत्येकाच्या घराचा मापांसकट नकाशा करारनाम्याला जोडलेला असावा ही माझी दुरुस्ती मान्य झाली होती. ताबा घेताना शेजारच्या वहिनींचा मुलगा आणि मी टेप घेऊन भिंतीला भिंत मापत फिरलो. आमचं ३९६ भरलं. नऊ फूट कमी. तिसऱ्या मजल्यावर एकांचं ३८२ निघालं. नकाशा जोडलेला होता म्हणून त्यांना फरकाचे पैसे मिळाले. नुसतं ‘४०५ फूट’ असा शब्द असता तर खिडकीचा कट्टा आणि पाइपाची पोकळीसुद्धा मापात धरून दाखवली असती. टेप स्वतःची न्या, बिल्डरच्या माणसाची वापरू नका, आणि भिंतींना प्लॅस्टर झाल्यावरच मापा.

घरातला संडास हा या घराचा सगळ्यात मोठा गुण. यावर आणखी लिहायला हवं असं मला वाटत नाही. चाळीत राहिलेल्या प्रत्येक बाईला कळेल. चोवीस तास नळाला पाणी असतं आणि मी आता साडेसहाला उठते. पहिले काही महिने साडेचारला आपोआप जाग यायची, उठून नळ सोडून बघायची आणि परत झोपायची.

स्वयंपाकघर सात बाय आठ. ओटा कडाप्प्याचा, सिंक खोल आहे, वर पोटमाळा आहे. पोटमाळाही यादीतला. वकील म्हणत होते, ‘आता माळे कोण वापरतं?’ आम्ही वापरतो. गौरीचे मुखवटे, मखर, मोठी पातेली, सासूबाईंची लोखंडी ट्रंक, हे सगळं त्यावर आहे. ज्या मजल्यांवर नंतर लोकांनी स्वतः माळे करून घेतले त्यांचे वीस-बावीस हजार गेले.

खिडक्यांचा विषय वाईट आहे. दुसरी फेटाळलेली दुरुस्ती ही. आमची इमारत आणि त्याच जागेवर बिल्डरने बाहेरच्यांना विकायला बांधायचा टॉवर यांत किती अंतर ठेवणार, तो आकडा लिहा, असं मी म्हटलं होतं. ‘नियमानुसार ठेवू’ एवढंच लिहिलं. नियमात सवलत मागता येते आणि प्रीमियम, म्हणजे जादा शुल्क, भरून मिळतेही, हे मला टायपिंगच्या कामातून माहीत होतं. झालं तेच. बेडरूमच्या खिडकीसमोर टॉवरच्या पार्किंगचे मजले आहेत, काँक्रीटची जाळी. सकाळी साधारण अकरानंतर त्या खोलीत दिवा लावल्याशिवाय वाचता येत नाही. आम्ही नवव्यावर, आमच्याकडे निदान वरून थोडा उजेड उतरतो. चौथ्या मजल्यावरचे काका दिवसभर ट्यूबलाइट लावून बसतात. पावसाळ्यात त्या भिंतीला बुरशी येते. जुनी खोली लहान होती, पण पुढे गॅलरी आणि मागे खिडकी असल्यामुळे वारा आरपार जायचा. सागवानी तक्तपोशी आणि चुन्याच्या भिंती होत्या, मे महिन्यातही पंखा दोनवर पुरायचा. इथे गेल्या मे महिन्यात आम्हाला एसी घ्यावा लागला. आयुष्यातला पहिला.

लिफ्ट दोन. तेरा मजल्यांना दोन. मी तीन मागितल्या होत्या. एक लिफ्ट महिन्यातून चार-पाच दिवस बंद असते, तेव्हा सकाळी शाळेच्या वेळेला खाली रांग लागते. टॉवरला चार लिफ्ट आहेत आणि त्यांचं गेट वेगळं आहे. ते रस्त्याच्या बाजूला, आमचं मागच्या गल्लीतून. एकच गेट ठेवा ही मागणी फेटाळली तेव्हा मला वाटलं होतं, वेगळं गेट तर वेगळं, त्यात काय. आता रोज त्या मागच्या गल्लीतून आत शिरताना त्यात काय आहे ते समजतं. शंभर वर्षं ही वाडी रस्त्याकडे तोंड करून होती. आमच्या दारावरून पाडव्याची शोभायात्रा जायची, आम्ही गॅलरीतून फुलं टाकायचो. आता रस्त्यावर जायला वळसा घालून जावं लागतं, आणि नव्या माणसाला पत्ता सांगताना ‘टॉवरच्या मागे’ असं सांगावं लागतं.

पत्त्यावरूनही एक भांडण झालं. गिरगावातल्या वाड्यांची नावं बघा : फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, कांदेवाडी. मुगभाट, बोरभाट. इथे एके काळी बागा आणि शेतं होती, याची आठवण आता फक्त नावांत उरली आहे. टॉवरला परदेशी वाटेल असं नाव दिलंय आणि मोठी पितळी पाटी लावली आहे. वाडीचं नाव गेटवर राहील, हे माझ्या मान्य झालेल्या सहांत होतं. तरी ताब्याच्या वेळी पाटी नव्हती. आम्ही करारनाम्याचं पान ६१ काढून दाखवलं, तेव्हा दोन महिन्यांनी लागली. आकाराने लहान आहे, देवनागरीत आहे, आणि रस्त्यावरच्या गेटला आहे. पोस्टमन अजून वाडीच्याच नावाने पत्रं आणतो.

टॉवरमधल्या लोकांबद्दल मला वाईट लिहायचं नाही. त्यांनी कोटींनी पैसे मोजून घर घेतलंय, त्यांना काय सांगून विकलं ते आम्हाला माहीत नाही. पहिल्या गणपतीला त्यांच्याकडून आवाजाची तक्रार गेली. आमचा उत्सव १९५३ पासूनचा आहे, पूर्वी चौकात व्हायचा. नव्या नकाशात उत्सवासाठी ४०० फूट जागा रंगवून दाखवलेली आहे, तीही माझ्या यादीतली. पोलीस चौकीतून माणूस आला, आम्ही नकाशा दाखवला, तो बघून गेला. पण नंतर आमच्याच बैठकीत ठरलं की स्पीकर लावायचा नाही, आरती टाळ-मृदंगावर करायची आणि साडेआठला संपवायची. काही तरुण मुलं चिडली. मला विचाराल तर आरती आता जास्त छान वाटते, चाळीत माझ्या लग्नाच्या वेळी व्हायची तशी. आमच्यापासून जवळच केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो, तिथला उत्सव साधेपणासाठीच नावाजला जातो. मोठा आवाज ही काही जुनी परंपरा नव्हे. दुसऱ्या वर्षी टॉवरमधली सहा-सात मुलं अथर्वशीर्षाला आली होती. त्यांच्या आयांनी विचारलं की रोज आलं तर चालेल का.

माशांवरून मात्र मिटलेलं नाही. आम्ही मालवणी. चाळीत कोळीण मावशी पाटी घेऊन जिना चढून यायची, तिसऱ्या मजल्यापर्यंत. आता तिला गेटच्या आत सोडत नाहीत. गेट आमचं वेगळं, पण सिक्युरिटी एकत्र आहे आणि तिच्या खर्चाचा मोठा हिस्सा टॉवरची सोसायटी देते, त्यामुळे सूचना त्यांच्या चालतात. एकदा सुके बोंबील वाळत टाकले म्हणून आम्हाला लेखी पत्र आलं. मी लेखी उत्तर दिलं : कपडे आणि वाळवणासाठी गच्चीचा पश्चिमेकडचा भाग आम्हाला करारात दिलेला आहे, पान ५८. पत्र पुन्हा आलं नाही. पण कोळीण मावशी अजून गेटबाहेरच बसते, आणि यावर दाखवायला माझ्याकडे पान नाही. ही गोष्ट करारात लिहायला हवी असं मला तेव्हा सुचलं नाही.

खर्चाचं बोलते. पूर्वी ३८ रुपये भाडं आणि वर उपकर. आता देखभालीचे महिना ४,८०० रुपये. बिल्डरने प्रत्येकाला पाच लाख कॉर्पस, म्हणजे देखभालीसाठीची ठेव, दिला, त्याचं व्याज महिना तीन हजारांच्या आत येतं. वरचे अठराशे-दोन हजार खिशातले. ५०० फुटांपर्यंतच्या घरांना मुंबईत मालमत्ता कर माफ आहे, तेवढा दिलासा. लिफ्ट, पंप, अग्निशमनाची यंत्रणा, सगळ्याचे करार दरवर्षी वाढतात. ४१ पैकी सात बिऱ्हाडांनी घर भाड्याने दिलं आणि स्वतः बदलापूर-नेरळकडे गेली. इतकी वर्षं थांबून, परत येऊन, मग दीड वर्षात गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३ पुढे कफ परेडपर्यंत सुरू झाली, गिरगावचं स्टेशन उघडलं. आता भाड्याचे दर आणखी चढलेत, त्यामुळे आणखी जातील. विहीर राहिली ही जमेची बाजू. इमारतीच्या पोडियमखाली (खालच्या चौथऱ्याखाली) जाळी लावून ठेवली आहे, तिचं पाणी फ्लशला आणि झाडांना वापरतात, त्यामुळे टँकरचा खर्च वाचतो. ती बुजवणार होते.

मेट्रोबद्दल एक सांगायचं राहिलं. कितीतरी वर्षं शंकरशेट रस्ता पत्र्यांनी अडवलेला होता, काही जुन्या इमारती त्या कामात गेल्या, दुकानदारांची वाताहत झाली. ते सगळं खरं. पण सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेताना मी स्टेशनात लिफ्टने उतरले आणि पंचवीस मिनिटांत पोचले, तेव्हा मला फार बरं वाटलं. दोन्ही मनात आहेत.

डोंबिवलीहून परत आल्यावर पहिल्या रविवारी आम्ही विनय हेल्थ होममध्ये मिसळ खाल्ली, पणशीकरांकडे पीयूष प्यायलो आणि खोताच्या वाडीतून चालत आलो. अनंताश्रम जिथे होता तिथे हे थोडा वेळ थांबले. लग्नाच्या आधी यांच्या पगाराच्या दिवसाची ती खानावळ. खोताची वाडी आमच्यापासून पाच मिनिटांवर. दादोबा वामन खोत यांच्या नावावरून नाव पडलेली ती वस्ती, लाकडी जिने आणि ओट्या असलेली बैठी, एकमजली घरं. पूर्वी पासष्टच्या आसपास होती, आता तिशीच्याही आत आली आहेत. ती घरं राहायला हवीत, एकही पाडू देऊ नये, असं मी कोणालाही सांगेन. त्यावर आमची मुलं मला विचारतात, ‘मग आपली चाळ पाडायला का सही केलीस?’ खोताच्या वाडीतल्या घरात एक कुटुंब राहतं, घर त्याच्या मालकीचं असतं, ते त्याची कौलं शाकारतं, लाकडाला तेल देतं. ते टिकवण्यासाठी त्याला मदत दिली की ते टिकतं. आमच्या चाळीत ६४ बिऱ्हाडं होती, मालक दुसरा होता, टेकू तिसऱ्याने लावलेले. तिथे जतन करायचं म्हणजे आम्हाला जतन करायचं होतं, त्याच संडासांच्या रांगेत. पण चाळीतलं एक जतन करता आलं असतं, आणि ती माझी अकरावी दुरुस्ती होती.

गॅलरी. मी लिहिलं होतं : प्रत्येक मजल्यावर किमान सहा फूट रुंद, एका बाजूने उघडा सज्जा असावा, घरांची दारं त्यावर उघडावीत. बैठकीत आर्किटेक्ट हसले नाहीत, हे मी त्यांच्या बाजूने सांगते. त्यांनी कागद काढून आकृती काढली. म्हणाले, ‘ताई, करता येतं. पण यात एफएसआय, म्हणजे प्लॉटवर जेवढं बांधता येतं ते क्षेत्र, जातो, तो मग तुमच्या घरातून काढावा लागेल. प्रत्येकाचे तीस-पस्तीस फूट.’ कमिटीने एका मिनिटात नकार दिला. मीसुद्धा फार जोर धरला नाही. तीस फूट म्हणजे माझ्या जुन्या स्वयंपाकघराचा अर्धा भाग होता. १८० फुटांत आयुष्य काढलेल्या माणसाला तीस फूट सोडवत नाहीत. आज विचारलं असतं तर सोडले असते.

सासूबाई आता ८६ वर्षांच्या आहेत. चाळीत चाळीसहून अधिक वर्षं त्या दुपारी गॅलरीत बसायच्या. तांदूळ निवडणं, शेंगा सोलणं, येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारणं सगळं तिथेच. शाळेतून आलेल्या पोरांची आई घरी नसली तर ती पोरं आमच्याकडेच जेवायची. इथे मजल्यावर सहा दारं, सगळी बंद. पहिले तीन महिने त्या खाटेवरून फारशा उठल्याच नाहीत. मी म्हटलं, ‘आई, टीव्ही लावू का?’ तर म्हणाल्या, “दार लावन घरात काय बघतलंय? भिंती?” मग एक दिवस त्यांनी स्वतःच खुर्ची ओढत लिफ्टसमोरच्या मोकळ्या जागेत नेली. तिथे एक खिडकी आहे, तिच्यातून मागची गल्ली दिसते. आठवड्याभरात नोटीस लागली की लॉबीत सामान ठेवू नये, आगीच्या वेळी वाट मोकळी हवी. नियम बरोबर आहे. आग लागली तर तेरा मजल्यांची माणसं त्याच वाटेने उतरणार, मला तो नियम मोडायचा नव्हता. आम्ही घडीची खुर्ची आणली. चारला मी ती लॉबीत लावते, सहाला त्या उठल्या की घडी करून दारामागच्या खिळ्याला टांगते.

आता तिथे चारला तीन घडीच्या खुर्च्या असतात. आमची, शेजारच्या वहिनींची, आणि समोरच्या घरात भाड्याने राहायला आलेल्या मुलीच्या आईची. ती बाई सोलापूरकडची आहे, तिला मासे कळत नाहीत, पण आता ती खिडकीशी पहिली जाऊन उभी राहते. साडेचारला कोळीण मावशी गेटबाहेर पाटी उतरवते आणि सासूबाईंना फोन लावते. नवव्या मजल्यावरून पाटीतलं काही दिसत नाही. म्हणून मावशी एकेक मासा शेपटीला धरून वर उचलते, आणि सासूबाई खिडकीतून बघत फोनवर सांगतात, हा नको, दुसरा दाखव.